‘शिवाय’च्या जागी ‘म्हणून’

चंडीगढच्या सेक्टर 34 मध्ये संध्याकाळी चक्कर मारली, तर इमारतींच्या दर्शनी भिंती पाट्यांनी झाकलेल्या दिसतात. आयईएलटीएस, पीटीई, स्टडी व्हिसा, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. इथल्या लोकांच्या तोंडी त्या पहिल्या परीक्षेचं नाव ‘आयलेट्स’ असं रुळलं आहे. संगरूर, मोगा, कर्नाल, उना अशा ठिकाणांहून आलेली मुलं इथे पेइंग गेस्ट म्हणून राहतात, महिना-दोन महिने क्लास करतात आणि परीक्षेला बसतात. या परीक्षेच्या लेखनविभागात निबंध तपासायला चार निकष लावले जातात आणि चारही निकषांना सारखंच वजन असतं. त्यांतला एक निकष आहे सुसंगती आणि वाक्यांची सांधेजोड. म्हणजे चाळीस मिनिटांत लिहायच्या अडीचशे शब्दांच्या निबंधाचे पाव गुण, ते लिखाण एकसंध आहे की नाही यावर ठरतात.

मी या शहरात बरीच वर्षं इंग्रजीतलं अभ्यासलेखन शिकवते आहे. आधी एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गांना शिकवलं, पुढे पीएचडी करणाऱ्यांचे मसुदे वाचू लागले. सेक्टर 34 मधल्या क्लासांत मी कधी शिकवलं नाही, पण तिथे शिकून मग माझ्या वर्गात आलेली मुलं भरपूर. कुणाचा व्हिसा नाकारला गेला म्हणून एम.ए.ला प्रवेश घेतलेला, कुणाच्या घरी पैशांची जमवाजमव झाली नाही. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडाने विद्यार्थ्यांसाठीची जलद परवान्याची योजना बंद केली, त्यानंतर अशी मुलं वर्गात जास्त दिसू लागली. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर जोडशब्दांची एक यादी असते. मॉरओव्हर, फर्दरमोअर, इन अ‍ॅडिशन, हाउएव्हर, ऑन द अदर हँड. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला एक, मध्ये एक, शेवटी एक. मुलं ती पाढ्यांसारखी म्हणून दाखवतात. वाईट याचं वाटतं, की त्या परीक्षेच्या निकषांतच जोडशब्दांचा अतिरेक आणि यांत्रिक वापर हा दोष म्हणून नोंदलेला आहे. सर्वांत वरच्या श्रेणीची अपेक्षा तर अशी, की सांधे वाचणाऱ्याच्या लक्षातही येऊ नयेत. इतकी मेहनत करणाऱ्या मुलांच्या हाती यादी आली आणि तिच्यामागचं म्हणणं मात्र पोहोचलंच नाही.

ही यादी परीक्षेपुरती राहिली असती, तर मला त्यावर लिहावंसं वाटलं नसतं. ती प्रबंधात शिरते. तिथे ती काय करते, ते मला एका मुलाच्या मसुद्यात पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

तो माळव्यातल्या शेतकरी घरातला होता. माळवा म्हणजे पंजाबचा सतलजच्या दक्षिणेचा भाग, मध्य प्रदेशातला नव्हे. अर्थशास्त्रात पीएचडी करत होता. विषय होता भात, पाणी आणि पराली, म्हणजे भाताच्या कापणीनंतर शेतात उरणारा पेंढा आणि खुंट. त्याच्या एका परिच्छेदाचा मी इथे मराठीत तर्जुमा देते:

‘पंजाबात शेतीपंपांना मोफत वीज मिळते. शिवाय, भूजलाची पातळी घटत आहे. त्याचबरोबर, 2009 साली राज्याने भूजल जपण्यासाठी कायदा केला. याव्यतिरिक्त, या कायद्यानुसार भाताची लावणी 10 जूनपूर्वी करता येत नव्हती. तसेच, शेतकरी पराली जाळतात. शिवाय, नोव्हेंबरमध्ये हवेचं प्रदूषण वाढतं.’

सहाही वाक्यं खरी आहेत. व्याकरणाला नाव ठेवायला जागा नाही. प्रत्येक वाक्य पुढच्याला जोडलेलं आहे. तरीही वाचून झाल्यावर या माणसाला काय सांगायचं आहे, ते उमगत नाही. समासात त्याच्या गाइडने लिहिलं होतं, ‘भाषा सुधारा.’ भाषेत सुधारण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

मी त्याला म्हटलं, कागद उलटा ठेव आणि मला तोंडी सांग. मी महाराष्ट्रातली आहे, मला तुमच्याकडची शेती कळत नाही, असं समजून सांग. तो हिंदी-पंजाबीत बोलू लागला. ‘मॅम जी, मोटर बंद कौन करे, बिल तां औंदा नहीं.’ बिल येत नाही म्हणून पंप चालू राहतो. पंप चालू राहतो म्हणून पाणी खोल जातं. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात लावलेला भात सर्वांत जास्त पाणी पितो, म्हणून सरकारने लावणी जूनमध्ये ढकलली. लावणी पुढे गेली की कापणीही पुढे जाते. गव्हाची पेरणी मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापलीकडे नेली तर उतारा घटतो, म्हणून दोन पिकांच्या मधले दिवस कमी पडतात. कंबाइन यंत्र दाणे घेतं आणि पेंढा शेतात टाकून जातं. तो उचलायला मजूर नाही, वेळ नाही, पैसा नाही. मग काडी लावली जाते. आणि नेमक्या त्या दिवसांत वारा पडलेला असतो, हवा गार झालेली असते, धूर वर जात नाही.

बोलताना त्याने प्रत्येक दोन वाक्यांच्या मध्ये ‘इस करके’ म्हटलं होतं. कागदावर एकही ‘म्हणून’ नव्हतं. सहाच्या सहा वाक्यांत कार्यकारणाची साखळी होती आणि ‘शिवाय’ने तिचे सहा सुटे तुकडे करून एका ओळीत मांडले होते.

मग आम्ही ‘शिवाय’ खोडून ‘म्हणून’ घालत गेलो. चौथ्या-पाचव्या वाक्याशी तो थांबला. कायद्यामुळे लावणी लांबली हे ठीक, पण त्यामुळे जाळणं वाढलं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा कुठे आहे, असं त्याने स्वतःच विचारलं. कायद्याआधीही पराली जळतच होती. मंडीत भात कोणत्या आठवड्यात येतो, याची 2009 च्या आधीची आणि नंतरची आकडेवारी त्याच्या प्रबंधात कुठेच नव्हती. ‘शिवाय’ लिहिताना तिची गरज पडली नव्हती. ‘म्हणून’ लिहायला घेतलं तेव्हा ती पडली. पुढचे काही महिने तो मंडी समित्यांच्या नोंदी गोळा करत फिरला आणि त्याच्या प्रबंधातलं सर्वांत चांगलं प्रकरण त्यातून उभं राहिलं.

माझ्या शिकवण्यातलं हे मोठं वळण. तोवर मी सुसंगतीकडे वाचणाऱ्याच्या सोयीची गोष्ट म्हणून पाहत होते. त्या दुपारनंतर ती मला लिहिणाऱ्याच्या जबाबदारीची गोष्ट दिसू लागली. ‘शिवाय’ म्हटलं की कशालाच बांधून घ्यावं लागत नाही. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘असं असेल तरच’ हे शब्द लिहिणाऱ्याकडून काहीतरी मागतात. मुलं ‘शिवाय’कडे वळतात ती आळसाने नाही. दावा करायचा असतो हे त्यांना शाळेपासून कुणी सांगितलेलंच नसतं. मुद्दे किती आले त्याचे गुण मिळत आलेले असतात आणि मुद्द्यांचं एकमेकांशी नातं काय, याचा अर्धाही गुण कधी मिळालेला नसतो. हे पंजाबातल्या शाळांचं जितकं खरं, तितकंच सांगली-साताऱ्याकडच्या शाळांचंही.

या विषयाचं मूळ पुस्तक म्हणजे मायकल हॅलिडे आणि रुकैया हसन यांचं 1976 सालचं ‘कोहीजन इन इंग्लिश’. रुकैया हसन यांच्याबद्दल मला विशेष आपुलकी वाटते. जन्म 1931 चा, उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचा. पदवी अलाहाबादची आणि इंग्रजीतलं एम.ए. 1958 साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठातलं. 1882 साली लाहोरमध्ये स्थापन झालेल्या त्याच विद्यापीठातून फाळणीनंतर आमचं सेक्टर 14 मधलं पंजाब विद्यापीठ वेगळं झालं. पुढे रुकैया हसन एडिंबरोला गेल्या आणि मग ऑस्ट्रेलियात स्थायिक झाल्या. इंग्रजी मजकूर कशाने बांधला जातो हे जगाला ज्या दोघांनी शिकवलं, त्यांच्यातल्या एकीला इंग्रजी आपल्या मुलांसारखंच शाळेत शिकावं लागलं होतं. हे मी दर वर्षी नव्या वर्गाला आवर्जून सांगते. मागच्या बाकांवरच्या मुली मान वर करून ऐकतात.

त्या पुस्तकात वाक्यं बांधणाऱ्या गोष्टींचे पाच प्रकार सांगितले आहेत. सर्वनामांसारखे आधीच्या गोष्टीकडे बोट दाखवणारे शब्द, एका शब्दाच्या जागी दुसरा बदली शब्द, गाळलेला पण समजून घेतलेला भाग, जोडशब्द आणि शब्दांची पुनरावृत्ती किंवा त्यांचं एकाच कुळातलं असणं. क्लासवाल्यांची यादी या पाचांतल्या एकाच प्रकाराची आहे. मजकूर एकत्र धरून ठेवण्याचं सर्वांत जास्त काम शेवटचा प्रकार करतो आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. या मांडणीवर आक्षेपही आले. पॅट्रिशिया कॅरेल यांनी 1982 मध्ये ठामपणे मांडलं, की वाक्यांचे सांधे जुळले म्हणजे मजकूर सुसंगत झाला असं होत नाही. माझा अनुभव कॅरेल यांच्या बाजूचा आहे. परालीचा तो परिच्छेद याचाच दाखला.

शब्दांच्या पुनरावृत्तीबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण इथे आपली शिकवणच मुलांच्या वाटेत उभी राहते. एकच शब्द परत परत वापरू नका, असं मराठीच्या बाईंनी सांगितलेलं असतं, हिंदीच्या सरांनी सांगितलेलं असतं आणि इंग्रजीच्या क्लासमध्ये तर त्याचे वेगळे गुण असतात. ललित लेखनात ते ठीक. प्रबंधात तो सल्ला घातक ठरतो. एका मुलीने हरियाणातल्या दोन जिल्ह्यांतल्या कर्जबाजारीपणावर लिहिलं होतं. पाहणी चोख होती. मसुद्यात मात्र एका पानावर ‘लहान शेतकरी’, पुढच्या परिच्छेदात ‘सीमांत शेतकरी’, त्याच्या पुढे ‘गरीब उत्पादक’ आणि एका ठिकाणी ‘छोटे जमीनधारक’. मी विचारलं, हे चार वेगळे गट आहेत का? ती म्हणाली, नाही मॅम, एकच आहेत. पण आपल्या कृषिगणनेत सीमांत म्हणजे एक हेक्टरच्या आतले आणि लहान म्हणजे एक ते दोन हेक्टरचे. तिने तर दोन हेक्टरपर्यंतच्या सगळ्यांची पाहणी केली होती. शब्द बदलताच तिच्या तक्त्यातले आकडे चुकीच्या माणसांच्या नावावर गेले होते.

तिने हे केवळ शैलीसाठी केलं नव्हतं, साम्य पकडलं जाईल या भीतीनेही केलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांप्रमाणे इतरांच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्याच्या वर गेलं की टप्प्याटप्प्याने कारवाई. नियम गरजेचा आहे, मी त्याच्या बाजूची आहे. मुलांनी मात्र त्याचा अर्थ असा लावला, की संगणकाला ओळखू येणार नाही इतके शब्द बदलायचे. प्रबंध जमा करण्याच्या आधीच्या आठवड्यात शब्द बदलण्याचं काम जोरात चालतं. पारिभाषिक शब्द बदलले जातात, मोजमापांची नावं बदलली जातात, आणि मजकुराला बांधणारे नेमके तेच धागे तुटतात. त्या मुलीबरोबर मी एक पान घेतलं आणि तिच्या विषयाचे महत्त्वाचे शब्द वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करायला सांगितले. एका संकल्पनेला एक रंग आणि एकच शब्द, अगदी दहा वेळा आला तरी तोच. ‘मॅम, कंटाळवाणं नाही का वाटणार?’ असं तिने विचारलं. आम्ही ते पान समाजशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला वाचायला दिलं. त्याला पुनरुक्ती जाणवलीच नाही. कुणाबद्दल बोलणं चाललं आहे हे मात्र त्याला शेवटपर्यंत नीट कळत राहिलं.

सर्वनामांचा घोळ वेगळा. ‘धिस शोज दॅट’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं इथल्या मसुद्यांत पानोपानी सापडतात. ‘यावरून असं दिसतं’, पण ‘यावरून’ म्हणजे कशावरून? आधीच्या वाक्यावरून, तक्त्यावरून की सगळ्या प्रकरणावरून? बोलताना हे खपतं, कारण समोरचा हात पाहतो, चेहरा पाहतो. उपाय साधा आहे: प्रत्येक ‘धिस’नंतर एक नाम लिहायचं. ही घट, हा फरक, हा नकार. बरेचदा ते नाम सापडत नाही आणि मग कळतं, की काय दिसतं हे लिहिणाऱ्याला अजून ठरवायचंच आहे.

डॉक्टर मुलांकडून मी वेगळं शिकले. एम.डी. करताना त्यांना प्रबंध लिहावाच लागतो, आणि रात्रपाळ्या सांभाळून लिहावा लागतो. एक निवासी डॉक्टर तिचं पूर्वसंशोधनाचं प्रकरण घेऊन आली. प्रत्येक परिच्छेद एका संशोधकाच्या नावाने सुरू होत होता: अमुक आणि सहकाऱ्यांना असं आढळलं, तमुक आणि सहकाऱ्यांना तसं आढळलं. सालांच्या क्रमाने वीस पानं. मी तिला विचारलं, सकाळच्या राउंडला सीनियरसमोर पेशंटची केस कशी सांगतेस? तिने लगेच सांगून दाखवली. वय, तक्रार, ती कधीपासून, आधीचे आजार, तपासणीत काय आढळलं, कोणत्या शक्यता, त्यांतली कोणती कशामुळे गळाली, उरली ती कोणती. दोन मिनिटांत. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. राउंडला ती असं कधीच सांगत नाही, की सोमवारी रक्ताचा अहवाल आला, मंगळवारी एक्स-रे आला. अहवाल कोणत्या शंकेचं उत्तर म्हणून मागवला, त्या शंकेखाली ती तो सांगते. त्याच रीतीने तिने आधीचे अभ्यास लावले. कोणता अभ्यास कुठल्या शक्यतेच्या बाजूने जातो, कोणता विरोधात, आणि कुठे कुणीच पाहिलेलं नाही. वीस पानांची अकरा झाली. शेवटच्या परिच्छेदात तिच्या स्वतःच्या अभ्यासाची गरज आपोआप आली, वेगळं शीर्षक द्यावं लागलं नाही.

सुसंगत बोलणं या मुलांना येतं, असं मी आता खात्रीने म्हणते. शेतकऱ्याच्या मुलाला येतं, डॉक्टर मुलीला येतं, गुरुद्वाऱ्यात कथा ऐकत वाढलेल्यांना तर फारच छान येतं. लिहायला बसलं की ते हरवतं, कारण समोर विचारणारं कुणी नसतं. ‘फेर की होया?’ म्हणजे मग काय झालं, हे विचारणारा आजोबा तिथे नसतो. म्हणून माझ्या तासाला मसुदा मोठ्याने वाचला जातो आणि ऐकणारा दुसऱ्याच विषयाचा असतो. वाचणाऱ्याने प्रत्येक परिच्छेदानंतर थांबायचं. ऐकणाऱ्याने फक्त एवढं सांगायचं, की आता पुढे काय येईल असं मला वाटतं. अंदाज चुकला तरी हरकत नाही. पण तो का चुकला, हे वाचणाऱ्याला समजलं पाहिजे. कधी परिच्छेदाची जागा चुकलेली असते. कधी वाचणाऱ्याला मुद्दाम धक्का द्यायचा असतो आणि त्याची पूर्वसूचना राहून गेलेली असते.

परिच्छेदांच्या जागेबद्दल बोलताना एका संस्कृतच्या संशोधक मुलीने मला नव्यन्याय या भारतीय तर्कपरंपरेतला संगतीचा विचार दाखवला. एका विषयानंतर दुसरा विषय का घ्यायचा, याची सहा कारणं त्या परंपरेने नोंदवून ठेवली आहेत. बोलता बोलता त्याची आठवण झाली आणि ते टाळता येत नाही म्हणून. पुढचं कळायला ते आधी कळावं लागतं म्हणून. एक दुसऱ्याचं कारण आहे म्हणून. आधीची जिज्ञासा पुरी झाल्यावरच याची वेळ येते म्हणून. दोन्ही एकाच गोष्टीमुळे घडतात म्हणून, किंवा दोन्हींचं फलित एक आहे म्हणून. मी ही सहा कारणं एका कागदावर लिहून घेतली आणि पुढच्याच आठवड्यात वर्गात वापरली. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात, तो इथेच का आला आहे याचं सहापैकी एक कारण लिहायचं. ज्याला एकही कारण लागू पडत नाही, तो परिच्छेद बाजूला काढायचा. भौतिकशास्त्राच्या मुलांनाही हे पटलं. परदेशी लेखनपुस्तिकांत मला ‘ओघ हवा’ एवढंच मोघम सापडत होतं. ओघ नाही म्हणजे नक्की काय नाही, ते या जुन्या यादीने हातात दिलं.

याच्या जोडीला मी आपल्या शाळेतलं सारांशलेखन वापरते. मराठीच्या पेपरात उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहावा लागे, तो सराव मला इथे फार उपयोगी पडला. फरक इतकाच, की मुलांनी स्वतःच्याच प्रकरणाचा सारांश लिहायचा, परिच्छेदामागे एक वाक्य. मग फक्त ती वाक्यं सलग वाचायची. तिथे ‘शिवाय’, ‘शिवाय’ ऐकू येऊ लागलं की दुखणं कुठे आहे ते समजतं.

व्याकरणाच्या अंगाने एक गोष्ट नोंदवते, कारण ती मराठी वाचकांनाही कामाची आहे. मराठीत, हिंदीत, पंजाबीत शब्दांचा क्रम लवचीक असतो. ज्याबद्दल बोलणं चाललं आहे ते आपण सहज वाक्याच्या सुरुवातीला आणतो आणि नवी माहिती क्रियापदाच्या अलीकडे ठेवतो. ‘गांधी भवन विद्यापीठाच्या आवारात आहे. ते पिएर जानरे यांनी आखलं. त्याच्या भोवती पाणी आहे,’ असं काहीतरी आपण बोलून जातो आणि लक्ष इमारतीवरून ढळत नाही. इंग्रजीत कर्ता पुढे ठेवायचा आग्रह धरला, तर दुसरं वाक्य जानरेंच्या नावाने सुरू होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, आता या वास्तुतज्ज्ञाबद्दल ऐकायचं आहे. इमारत पुढे ठेवायला इंग्रजीत कर्मणी प्रयोगच हवा. संगणकावरचे व्याकरण-तपासनीस मात्र कर्मणी दिसला की खाली रेघ ओढतात आणि मुलं घाबरून सगळी वाक्यं कर्तरी करून टाकतात. प्रत्येक वाक्य सुटं पाहिलं तर सुधारलेलं, परिच्छेद मात्र दर ओळीला तोंड फिरवणारा. ओळखीचं आधी, नवं नंतर, हा नियम मी मुलांना त्यांच्याच भाषेतल्या वाक्यांवरून दाखवते. तो त्यांच्या कानात आधीपासून असतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत मसुद्यांचं रूप पालटलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेली पानं येतात. त्यांत सांधे उत्तम असतात, सर्वनामं जागेवर असतात, व्याकरण स्वच्छ असतं. अशी पानं वाचताना मला परालीचा तो परिच्छेद आठवतो. फरक एवढाच, की तिथे ‘शिवाय’ उघडं दिसत होतं, इथे ते गुळगुळीत वाक्यांच्या आत लपलेलं असतं. पाच पानं वाचून झाल्यावर विचारावं, यात तू काय म्हणते आहेस, तर मूल गप्प होतं. मी त्या यंत्रांवर बंदी घालत नाही, घालून उपयोगही नाही. मी तेवढंच करते, जे आधी करत होते. पान उलटं ठेवायचं आणि तोंडी सांगायचं. जे सांगता आलं ते ठेवायचं. जे सांगता आलं नाही त्यावर काम करायचं. हल्लीच एका मुलीने चौदा पानांतून दीड पान ठेवलं. त्या दीड पानात स्थलांतरित बायकांच्या मजुरीबद्दल तिने स्वतः मिळवलेली एक विसंगती होती, जी उरलेल्या साडेबारा पानांत कुठेच उमटली नव्हती. ती आता त्या विसंगतीवर प्रकरण लिहिते आहे, तिच्या मोडक्या इंग्रजीत, आणि मला ते वाचायची उत्सुकता असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएचडी नियमांत संशोधकांना त्यांच्या विषयाशी निगडित अध्यापन आणि लेखन यांचं प्रशिक्षण मिळावं, असं म्हटलेलं आहे. अनेक ठिकाणी ते संदर्भसूचीचे स्वल्पविराम शिकवण्यापाशी थांबतं. मला विचारलं, तर मी फार मोठं काही मागणार नाही. दर आठवड्याला एक तास असावा, विषय वेगळे असलेले आठ-दहा संशोधक एकत्र बसावेत आणि एकाने दोन पानं मोठ्याने वाचावीत. आणि मार्गदर्शकांनी मसुदा परत देताना ‘भाषा सुधारा’ असं लिहू नये. वाचताना आपण जिथे अडखळलो तिथे खूण करावी आणि शेजारी आपला प्रश्न लिहावा, पूर्ण वाक्यात: ‘लावणी लांबली आणि जाळणं वाढलं, या दोन्हींचा संबंध तू कशावरून लावतोस?’ असा. परालीवाल्या मुलाच्या समासात तेव्हा हे एक वाक्य असतं, तर तो माझ्याकडे येण्याच्या कितीतरी आधी मंडीच्या नोंदी शोधायला गेला असता.